धुऱ्याच्या आतली जागा

मावशी पदर डोक्यावर घ्यायच्या, आगपेटी मुठीत धरायच्या आणि डोळे मिटून शेगडीसमोर उभ्या राहायच्या. ओठ हलायचे, आवाज नाही. मग डोळे उघडून आगपेटी माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "हं. पेटव."

शाळेत आम्ही दोघी मिळून मुलांची खिचडी शिजवायचो. आधी चूल होती. पावसाळ्यात लाकडं ओली असायची, तेव्हा देवाला हाक मारणं कोणालाही समजेल. पुढे गॅस आला. गॅसला काय, कान पिळला, काडी लावली की पेटला. पण मावशींचं उभं राहणं तेच राहिलं. मोठे गुरुजी दारात येऊन म्हणायचे, "मावशी, पोरं ताटं वाजवायला लागली."

"वाजवू द्या सर. घाई कायची हाय? तांदूळ कुठं पळून जाऊन राह्यले?"

मी बोलायला कच्ची. गुरुजींसमोर पदर दातात धरूनच उभी राहायचे. त्यामुळे रोज शेजारी उभी राहूनही मावशींना विचारायला मला फार वेळ लागला. एक दिवस तांदूळ धुताना विचारलं, "मावशी, रोज काय मागता वो?"

"मागत नाही. सांगते," त्या म्हणाल्या. "भात लागू नको देऊ म्हनते. लेकराइचं पोट भरू दे. माही जागा राखजो. आन् शेषरावले चांगलं ठेवजो."

"शेषराव कोन?"

"तो नाही का? धुरा कोरते तो."

आणि त्या कांदा चिरायला बसल्या.

धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द, थोडी माती, थोडं गवत. आमच्याकडे भाऊ-भाऊ बोलायचे बंद होतात ते धुऱ्यावरून. दरवर्षी नांगरताना नांगराची एक रेघ, म्हणजे एक तास, जास्तीचा घ्यायचा, शेजाऱ्याचा धुरा खायचा, आणि विचारलं तर बैल वळला म्हणायचं. आता ट्रॅक्टर वळला म्हणतात. धुरा कोरणाऱ्याला लोक शिव्या देतात. मावशी त्याचं नाव रोज देवाजवळ चांगल्यासाठी घेत होत्या. मी ऐकून घेतलं आणि तांदूळ पुन्हा एकदा धुतले.

आमचं गाव वऱ्हाडात, धाडच्या बाजूला. गावात ख्रिस्ती घरं पूर्वी बरीच होती म्हणतात. मुलं शिकली, कोणी जालन्याला गेलं, कोणी पुण्याला. मागे दोन-तीन म्हातारी माणसं आणि मावशी. मावशींचं माहेर जालन्याकडचं. तिकडच्या ख्रिस्ती लोकांची सवय म्हणून त्या भेटेल त्याला "सलाम" म्हणायच्या. त्यावरून गावात त्यांचं नाव पडलं, सलामवाली बाई. एक नवे गुरुजी बदलून आले होते. ते ईदच्या आदल्या दिवशी मावशींना म्हणाले, "मावशी, उद्या शिरखुर्मा पाहिजे बरं का."

मावशी म्हणाल्या, "उद्या शेजारच्या फातमाबीकडून आनून देते सर. माह्याकडच्या करंज्या नाताळाले."

दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या.

रविवारची उपासना मावशींच्या पुढच्या खोलीत व्हायची. पाळक तालुक्याहून मोटारसायकलवर यायचे, तेही महिन्यातून एखाद्या वेळी. बाकीच्या रविवारी मावशी चटई टाकायच्या, दार उघडं ठेवायच्या आणि गाणं सुरू करायच्या. कधी दोन म्हाताऱ्या यायच्या, कधी कोणी नाही. कोणी नसलं तरी त्या आवाज कमी करत नसत. रस्त्यावरून जाणारा एखादा पोरगा ओरडायचा, "मावशी, तुमच्या देवाले वऱ्हाडी समजते का वो?"

"समजते. तुह्यावानी दोन डाव नाही सांगा लागत त्याले," मावशी आतूनच सांगायच्या आणि पुढची ओळ धरायच्या.

त्यांची मुलगी पुण्याला दवाखान्यात नर्स. ती दर सुट्टीला यायची आणि एकच बोलायची. "आई, चल. तिथं मोठं चर्च हाय, माणसं हायेत. इथं तुयं काय ठेवलं?"

"माही जागा हाय इथं."

"हे घर? घर तर गळून राह्यलं."

"घर नाही वं. जागा."

ती जागा मला त्यांनी एका रविवारी दाखवली. नाल्याच्या पलीकडे एक छोटा तुकडा, एक कडुनिंब, आणि त्याखाली काही दगड. दगडांवर चुन्याने क्रूस काढलेले. ती त्यांची दफनभूमी. आमच्यात माणूस गेलं की जाळतात. राख पाण्यात सोडली की जागेचा प्रश्न मिटतो. म्हणून मला हे नवीन होतं. मावशींनी एका दगडाला हात लावून सांगितलं, "हे मालक." त्याच्या अलीकडे एक लहानसा दगड होता. "हा माहा पयला पोरगा. बारसं झालं अन् गेला." मालकांच्या पलीकडच्या बाजूला मोकळी माती होती, धुऱ्यापर्यंत. तिथे सदाफुली लावलेली. "आन् हे मी," मावशी म्हणाल्या. जसं एखादी बाई आपलं स्वयंपाकघर दाखवते तसं.

त्या मोकळ्या मातीला लागून शेषरावचं शेत. आणि शेषरावचा धुरा दरवर्षी हातभर आत यायचा.

पाळकांनी सांगितलं होतं, आपण अर्ज करू, मोजणी आणू. मावशी म्हणाल्या, "करा. तुमचं काम तुम्ही करा. पन त्याच्याशी वैर नका घेऊ. मले त्याच्याच शेजारी झोपायचं हाय." अर्जाचं पुढे काही झालं नाही. तीन म्हाताऱ्या माणसांच्या अर्जाचं काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे.

मावशींचं स्वतःचं काम मात्र चालू होतं. उन्हाळ्यात नांगरणी झाली की पहिल्या रविवारी उपासना आटोपून त्या तिकडे जायच्या. नांगराने उलटलेले हद्दीचे दगड हाताने उचलून पुन्हा जागेवर मांडायच्या. पुढच्या वर्षी दगड पुन्हा उलटलेले. मावशी पुन्हा हजर. ना आरडाओरडा, ना शिव्याशाप. मला तर राग यायचा. मावशी म्हणायच्या, "त्याचं नांगरनं संपते, माहं मांडनं संपते. दोघाइले घरी जाऊन जेवाचंच हाय."

आणखी एक गोष्ट त्या करायच्या. शेषरावच्या शेतातले तुरीचे दाणे वाऱ्याने, पाखरांनी इकडे पडायचे आणि दगडांमधून एखाद-दुसरं झाड उगवायचं. शेंगा भरल्या की मावशी त्या तोडायच्या, पदरात घ्यायच्या आणि थेट शेषरावच्या ओसरीवर नेऊन ओतायच्या. "घ्या, हे तुमचं. इकडं येऊन राह्यलं होतं." शेषरावची बायको हसून मावशींना चहा द्यायची. शेषराव आत निघून जायचा.

एका उन्हाळ्यात त्याने हद्दच केली. आम्ही गेलो तेव्हा ट्रॅक्टर चालूच होता. नांगराचे तास मालकांच्या दगडाच्या अगदी जवळ आले होते. सदाफुलीचं झाड मुळासकट वर आलेलं.  मावशींनी टोपली खाली ठेवली, चपला काढल्या, पदर नीट केला. मला वाटलं प्रार्थना करतील. त्या मालकांच्या दगडाच्या बाजूला सरळ आडव्या झाल्या. डोकं कडुनिंबाकडे, हात छातीवर. त्यांचे पाय ताज्या तासात गेले.

"मावशी!" मी घाबरले.

"थांब पोरी, मापून पाह्यते," त्या म्हणाल्या, आणि मान न वळवता हाक मारली, "शेषराव! वो शेषराव! माही लांबी बसून नाही राह्यली."

ट्रॅक्टर बंद झाला. शेषराव उतरून आला. धिप्पाड माणूस, पण चेहरा मुलासारखा झाला होता. "उठा वो मावशी, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. हे पाय पहा माहे. तुमच्या तासात हायेत. पुढच्या साली नांगर लागन मले."

"तुम्ही काय उद्याच चालल्या का?"

"घाई कायची हाय? पन जवा जाईन तवा पाय दुमडून नाही झोपता येत मले. गुडघे दुखते."

शेषरावला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. त्याने एक मोठा दगड उचलला आणि मावशींच्या तळपायाशी आणून टाकला. "घ्या! इतकी घ्या. झालं?"

मावशींनी टाच दगडाला लावून पाहिली. मग हात पुढे केला, मी त्यांना उठवलं. माती झटकत त्या म्हणाल्या, "झालं. जास्त नाही पाह्यजे." आणि टोपलीतली चहाची किटली काढून पहिला कप त्याला दिला.

त्यानंतर शेषराव त्या दगडाच्या आत आला नाही. इतर बाजूंनी त्याने खायचं ते आधीच खाल्लं होतं. आता त्या सगळ्या तुकड्यात एका माणसाची जागा उरली होती. मावशींनी तिथे पुन्हा सदाफुली लावली. बाजारात कोणी विचारलं, "मावशी, आता तरी पुण्याले जा," तर म्हणायच्या, "जागा धरून ठेवली हाय न वो. एसटीत रुमाल टाकला की सीट सोडता का तुम्ही?"

मग वीटभट्टीवरची एक मुलगी वारली.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला भट्टी लागते. तिथे दूरच्या डोंगराकडची माणसं सहा-आठ महिने येऊन राहतात. त्यांची बोली आपल्याला समजत नाही, हिंदीही तुटकी. त्यातली एक बाई, कोवळीच, तापाने गेली. तिचा नवरा दुपारच्या आधी शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. कोणीतरी त्याला सलामवाली बाईकडे पाठवलं होतं. त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडाचा लहान क्रूस होता. तो मावशींना एवढंच म्हणाला, "मिट्टी देना है, माई. गाँव दूर है."

मावशी खिचडी हलवत होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, क्रूसाकडे पाहिलं. मग पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. शेगडी तर केव्हाची पेटलेली होती. दिवसात दुसऱ्यांदा त्यांना असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. या वेळी ओठ हलत नव्हते. खिचडी खदखदायला लागली, तळाला लागायची वेळ आली, तरी त्या तशाच.

"हं," शेवटी म्हणाल्या आणि मोठा चमचा माझ्या हातात दिला. "तू पाह्य आता."

मुलांची जेवणं उरकून मी धावतच नाल्यापलीकडे गेले. भट्टीवरची माणसं कुदळी घेऊन उभी होती. मावशी खाली बसून सदाफुलीचं रोप मुळासकट काढत होत्या. 

मी जवळ बसले आणि हळूच म्हटलं, "मावशी, ही जागा तं—"

"हाव."

"मंग तुम्ही?"

त्या रोपाच्या मुळांवरची माती सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "प्रभूलेही क्रूसावरून उतरवून दुसऱ्याच्याच कबरीत ठेवलं होतं, पोरी. त्या मानसानं ती सोतासाठी खोदून घेतली होती. त्याले कोनी विचारलं असन का, का बा, आता तू कुठं जाशीन?"

मी रोप घ्यायला पदर पुढे केला.

"मीबी कदी नाही विचारलं," मावशी म्हणाल्या. "इतके साल ती गोष्ट वाचली. आजच ध्यानात आलं."

मग त्या उठल्या, मालकांच्या दगडावर हात ठेवला आणि अगदी घरातल्यासारख्या म्हणाल्या, "जरा सरकून घ्या. पाहुनी आली हाय." 

पाळक यायला उशीर होता. मावशींनीच गाणं म्हटलं, मावशींनीच प्रार्थना केली. त्या मुलीच्या नवऱ्याला मराठी समजत नव्हतं, पण आमेनच्या जागी तो बरोबर आमेन म्हणत होता.

शेषराव त्याच्या तुरीत उभा राहून हे पाहत होता. ज्या दगडाशी त्याने मावशींचे पाय मापले होते, त्याच दगडाशी कोणा परक्या मुलीचे पाय आले. माणसं पांगल्यावर तो धुऱ्यापर्यंत आला. मावशींशी बोलायची त्याची हिंमत झाली नाही. मला विचारलं, "आता मावशीचं काय?"

मी परपुरुषाशी बोलणारी बाई नव्हे. पदर दातात धरला आणि नुसतं त्याच्या शेताकडे पाहिलं. दुसरीकडे पाहायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मावशी शेगडीसमोर उभ्या राहिल्या आणि लवकर डोळे उघडले. मी म्हटलं, "आज लवकर झालं?"

"एक गोष्ट कमी झाली सांगायची," त्या म्हणाल्या. "जागेचं निघालं. बाकीचं तेच."

"शेषरावचं?"

"ते तं हायच."

ही बातमी पुण्याला पोहोचली. मुलगी रागावली, रडली. म्हणाली, आता तर तुझी जागाही राहिली नाही, आता कशाला थांबतेस? मावशींनी फोन कानापासून काढून तोंडासमोर धरला, कारण त्यांना वाटायचं फोनवर ओरडूनच बोलावं लागतं. "अवं, तो शेषराव इथं हाय न! त्याचं नाव घ्याचं रोज. तिथून त्याचा चेहरा कसा दिसन मले?"

जिद्द म्हटली की मला आधी मोठा आवाज आठवायचा, मूठ आपटणं आठवायचं. मावशींपाशी राहून ते बदललं.

उन्हाळा आला. नांगरणी झाल्याचं कळलं. आम्ही रविवारी टोपली, चुना, किटली घेऊन निघालो. मी मनात म्हणत होते, आता कशाला जायचं? राखायला उरलंय काय? मावशी मात्र नेहमीच्या चालीने चालत होत्या.

तिथे गेलो तर हद्दीचे दगड उलटलेले नव्हते. ते सरकले होते. आमच्याकडे नाही, शेषरावच्या शेतात. मालकांच्या पलीकडे, त्या मुलीच्याही पलीकडे चांगली रुंद पट्टी मोकळी सोडलेली. जुना बाभळीचा खुंट, जो कितीतरी वर्षं शेषरावच्या शेतात उभा होता, तो धुऱ्यावर आला होता. मावशी म्हणाल्या, "लगन करून आली तवा धुरा तिथंच होता."

शेषराव लांब उभा होता. मावशींना पाहून उगाच ट्रॅक्टरचं चाक तपासायला लागला. जवळ गेल्यावर म्हणाला, "ट्रॅक्टरवाला नवा होता मावशी. त्याले धुरा समजला नाही. चुकला."

मावशींनी चेहरा अगदी सरळ ठेवला. "चुकते वो नवं मानूस. रागावू नका त्याले."

"नाही, नाही रागावत."

"मंग राहू द्याचं का असंच?"

"आता कोन दगड उचलते," शेषराव म्हणाला. "राहू द्या."

मावशींनी कप भरून त्याला दिला. त्याने चहा घेतला, कप स्वतःच विसळला आणि निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावर मावशी एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "चुकला म्हने! आन् ट्रॅक्टरवर सोताच बसला होता!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मग बराच वेळ पुसतच राहिल्या.

पुढच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. आजार असा काही नाही. सकाळी शाळेत आल्या नाहीत म्हणून मी पाहायला गेले. चटई टाकलेली होती, दार उघडं होतं, रविवार नसताना. पुण्याहून मुलगी आली, पाळक आले. गाणं म्हणायला आमच्यातल्या कोणाला येत नव्हतं. आम्ही हात जोडून उभे राहिलो. फातमाबीही आली होती. शेषरावने खड्डा खोदणाऱ्यांना बाजूला केलं आणि शेवटचा हातभर स्वतः खोदला. त्या मातीत त्याच्या तुरीची जुनी खुटं निघत होती. ती तो वेचून बाहेर टाकत होता, मावशींना टोचतील म्हणून.

मावशी पाय लांब करून झोपल्या.

पावसाळ्यानंतर मी तिकडे गेले. मावशींच्या मातीवर मी लावलेली सदाफुली जगली होती. तिच्या बाजूला तुरीचं झाड आलं होतं, कमरेएवढं. इतक्या वर्षांची शेतातली माती ती, कुठलातरी दाणा राहिला असेल. मी ते तसंच ठेवलं. शेंगा भरल्या तेव्हा तोडल्या, पदरात घेतल्या आणि मावशी जायच्या तशी शेषरावच्या ओसरीवर गेले. पदर दातातून सोडला आणि म्हटलं, "घ्या. हे तुमचं. तिकडं आलं होतं."

शेषरावने शेंगांकडे पाहिलं. हात लावला नाही.

"कुठं आलं होतं?"

"मावशींवर."

"मंग माहं कसं?" तो म्हणाला. "ते तिच्या धुऱ्याच्या आतलं हाय."

त्या शेंगा मी शाळेत नेल्या. सोलून दाणे खिचडीत टाकायला घेतले. आता माझ्यासोबत दुसरी बाई असते, नवीन आहे, हाताची चपळ. ती शेगडीचा कान पिळणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांब." मला मावशींची प्रार्थना येत नाही. मी त्यांच्या धर्माचीही नाही. पण त्या सांगायच्या त्यातलं जे आठवत होतं ते सांगितलं. भात लागू देऊ नको. लेकरांचं पोट भरू दे. शेषरावला चांगलं ठेव.

मग डोळे उघडले आणि आगपेटी तिच्या हातात दिली.